वर्षाचा सर्वोत्कृष्ट युवक

३ नोव्हेंबर

युवक मंडळाची बैठक झाली. ठराव: यंदा बक्षीस समारंभ. कल्पना माझी, ठराव माझा. अनुमोदनही मीच देणार होतो, पण आब्दोन मास्तर मध्येच बोलले की निदान अनुमोदन तरी दुसऱ्याने द्यावं. त्यांनीच दिलं. सर्वानुमते मंजूर.

समारंभाचं ब्रीदवाक्य: 'तरुणाई आणि शांतता'. हेही माझंच. विल्बरने मागच्या बाकावरून विचारलं की शांततेचं बक्षीस कुणाला देणार, गावात शांत असलेले सगळे कबरस्तानात आहेत. पोरं हसली. मला त्याच्या डोक्यात खुर्ची घालावीशी वाटली. घातली नाही. खुर्ची मंडळाची आहे आणि तिचा एक पाय आधीच मोडलाय.

काही लोक कुजबुजतात की शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने युवक मंडळाचं अध्यक्षपद सोडावं. घटनेत वयाची अट एकोणतीस होती, हे खरं. ती मी दुरुस्त करून 'मनाने तरुण' अशी केली. घटनेने काळाबरोबर बदलायला हवं.

५ नोव्हेंबर

आमची नील्दा मंडळाची सचिव आहे. वय एकोणीस. बाप अध्यक्ष असल्याचा तिला फार फायदा होतो. मार्चमध्ये नदीने पूल नेला तेव्हा तिने पोरांना घेऊन दोरखंडाचा पूल बांधला आणि पलीकडच्या वस्तीतली अडलेली बाई पाठीवर बांधून अलीकडे आणली. मार्गदर्शन माझं. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. कुणीतरी अलीकडे असावंच लागतं.

आज जेवताना तिने विचारलं की 'वर्षाचा सर्वोत्कृष्ट युवक' कोण ठरवणार. म्हटलं, निवड समिती. समितीत कोण? म्हटलं, मी. ती बरं म्हणाली आणि खाली बघून हसली. बायकोने, बासिलियाने, लगेच संदुकीतून लाल लोकरीचं कापड काढलं. समारंभासाठी पोरीला नवीन भरतकामाचं जॅकेट शिवणार म्हणे. माझ्या कोटाचं एक बटण गेल्या जूनपासून तुटलंय, त्याचं कुणाला काही नाही.

९ नोव्हेंबर

जेवणासाठी दोन मेंढे हवेत. बाजारात तोरिबिआबाईंच्या मटणाच्या दुकानी गेलो. बाई डोकं फोडत होत्या, मेंढ्याचं. विचारलं, मंडळासाठी दोन मेंढे देणगी मिळतील का. सुरा ठोकळ्यावर आपटून म्हणाल्या, माझ्या पर्सीला काय देताय ते आधी सांगा. पर्सी त्यांचा मुलगा, आमच्या टीमचा स्ट्रायकर. सुऱ्याकडे बघत मी सांगितलं, सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू. पण अजून कुणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, मी कशाला कुणाला सांगू. बाहेर पडेपर्यंत तीन दुकानांना कळलं होतं.

११ नोव्हेंबर

लाउडस्पीकर फक्त विल्बरकडे आहेत. तो म्हणाला, देतो की, पण अध्यक्ष, मी सहा वर्षं गोलकीपर आहे, तीनदा नाक मोडून घेतलं, माझ्या नाकाकडे कुणी बघतं का. मी नाकाकडे बघितलं. खरंच वाईट अवस्था आहे. त्यालाही सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू सांगून टाकलं. गुप्त ठेवायला सांगितलं.

टेन्शन घेण्यासारखं काही नाही. गोलकीपर आणि स्ट्रायकर मैदानाच्या दोन टोकांना असतात, त्यांची भेट कमी होते.

१२ नोव्हेंबर

आब्दोन मास्तरांना 'आदर्श मार्गदर्शक' कबूल केला. त्यांच्या वर्गाच्या खुर्च्या हव्या होत्या.

१६ नोव्हेंबर

कुस्को शहरात जाऊन ट्रॉफ्या आणल्या. दुकानदाराकडे एक कप होता, माझ्या कमरेएवढा, दोन्ही बाजूंना पंख असलेला. बघताक्षणी कळलं, हाच 'वर्षाचा सर्वोत्कृष्ट युवक'. त्याने विचारलं, नाव कुठलं कोरायचं.

मी विचार केला. फार विचार केला. डोळ्यांसमोर एकेक जण आला. नील्दा आली. पण घरातल्या माणसाला बक्षीस दिलं तर लोक म्हणतील वशिला. मग असा कोण आहे, ज्याने या मंडळासाठी रक्त आटवलं, ज्याने कधी काही मागितलं नाही? नाव सुचत होतं आणि मी ते ढकलत होतो. शेवटी मनाला बजावलं की तो मी आहे, एवढ्या एका कारणासाठी त्याच्यावर अन्याय करता येणार नाही. निःपक्षपाती राहायचं तर स्वतःलाही वगळून चालत नाही.

कोरलं: नेमेसिओ ताइपे. अक्षरं सुंदर आली आहेत. खोल कोरायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये एका माणसाने कपाच्या खोक्यावर मक्याचं पोतं टेकवलं. नीट सांगून ऐकेना, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावलो. त्याने माझं डोकं खिडकीवर आपटलं. कप सुखरूप.

२२ नोव्हेंबर

गावातले सगळ्यात वडीलधारे ताय्ता सेवेरो माझ्या झेरॉक्सच्या दुकानी आले. माझ्या फोटोकॉपीच्या मशीनवर चाबूक ठेवून बसले. नाताळच्या लढतींना चौकात पंच म्हणून तेच उभे असतात, तो चाबूक वर्षभर सोबत बाळगतात. म्हणाले, पोरा, समारंभ जानेवारीत घे. पंचवीस तारखेआधी बक्षिसं वाटू नकोस.

मला ही ताकानाकुयची प्रथाच मुळात पटत नाही. वर्षभराचं भांडण साठवायचं, नाताळच्या सकाळी चौकात उभं राहून एकमेकांचं नाव पुकारायचं, नाव पुकारलं की समोरच्याने यायचंच, आणि मग ठोसे, लाथा, रक्त. आधी मिठी, नंतर मिठी, मग एकत्र बसून प्यायचं. शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही. मी आजवर एकदाही रिंगणात उतरलो नाही. माझं नाव कुणी पुकारलंच नाही, यावरून माझं कुणाशी वैर नाही हे सिद्ध होतं.

त्यांना समजावलं की समारंभ पाच डिसेंबरला आहे, कुणाला राग आलाच तर पंचवीसपर्यंत थंड होईल. म्हाताऱ्याने चाबूक उचलून खांद्यावर टाकला. म्हणाला, आपल्याकडे राग थंड होत नाही रे, सुकतो. मटणासारखा सुकवून ठेवतात, चांगला टिकतो.

जुन्या लोकांना मॅनेजमेंट कळत नाही.

२८ नोव्हेंबर

मेंढे बघायला तोरिबिआबाईंच्या गोठ्यात गेलो. मोठ्या मेंढ्याने मला बघितलं, दोन पावलं मागे गेला आणि थेट पोटात धडक दिली. पाण्याच्या हौदात पडलो. उठलो तर पुन्हा दिली. पर्सी कुंपणावर बसून हसत होता. म्हणाला, अध्यक्ष, याला पण काहीतरी कबूल केलं होतं का तुम्ही.

त्या मेंढ्याचं सूप मी स्वतः दोन वाट्या पिणार आहे.

प्रमाणपत्रं छापली. मशीन अडकलं, लाथ घातली, चाललं. नील्दाच्या नावाचं 'सहकार्याबद्दल आभार' असं प्रमाणपत्र छापलं. जाड कागदावर. इतरांची पातळ कागदावर आहेत. बापाचं मन शेवटी कुठेतरी दिसतंच.

५ डिसेंबर, सकाळ

आजचा दिवस इतिहासात जाणार. नवीन जॅकेट घालून नील्दा आरशासमोर उभी होती. लाल, त्यावर निळी-पिवळी फुलं. बासिलियाने महिनाभर डोळे फोडून भरलंय. सुंदर दिसते पोरगी. तिने विचारलं, पप्पा, स्टेजवर गेल्यावर दोन शब्द बोलावे लागतात का. म्हटलं, तुला कशाला काळजी. ती हसली.

माझं भाषण नऊ पानांचं आहे. शेवटच्या पानावर मला गहिवरून येतं. तीनदा सराव केला, तिन्ही वेळा आलं.

६ डिसेंबर

समारंभ उत्तम झाला. किरकोळ रक्तस्राव.

सविस्तर लिहायला हवं, पुढच्या पिढ्यांसाठी.

मी शांततेवर बोलत असताना चौथ्या पानालाच पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मी बसेपर्यंत थांबले नाहीत. मग बक्षिसं. सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूसाठी मी एक तोडगा काढून ठेवला होता. संयुक्त विजेते: विल्बर आणि पर्सी. ट्रॉफी एक. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. दोघे एकदम स्टेजवर आले. दोघांनी एकदम ट्रॉफी धरली. विल्बर म्हणाला, अध्यक्षांनी मला कबूल केलीय. पर्सी म्हणाला, माझ्या आईने दोन मेंढे मोजलेत. ओढाओढीत ट्रॉफीचा खेळाडू कमरेतून तुटला. वरचा भाग पर्सीकडे आला, संगमरवरी तळ विल्बरकडे राहिला. तो तळ त्याने पर्सीच्या कपाळावर मारला.

पुढचं एका वेळी सगळीकडे झालं. पर्सीने विल्बरचं नाक मोडलं, म्हणजे चौथ्यांदा. तोरिबिआबाई सुपाचं भगुणं घेऊन स्टेजवर चढल्या आणि विल्बरच्या काकावर ओतलं. काका काहीच करत नव्हता, प्लेट घेऊन बसला होता. आब्दोन मास्तर सोडवायला गेले, त्यांच्या पाठीत त्यांच्याच शाळेची खुर्ची बसली. 'आदर्श मार्गदर्शक' वेळेअभावी रद्द करतोय, असं मी माइकवर सांगितलं, तेव्हा ते खाली पडलेले होते, तिथूनच त्यांनी माझ्या दिशेने बूट फेकला. बँडवाले वाजवत राहिले. त्यांनी ठरलेल्या वेळेपर्यंत वाजवायचं कबूल केलं होतं आणि शब्द पाळला.

ताय्ता सेवेरो चाबूक उडवत मध्ये घुसले. ओरडले, लाजा वाटत नाहीत का, आज कुठे पंचवीस तारीख आहे. सगळं आत्ताच संपवलंत तर नाताळला काय करणार, दाणे सोलणार का. लोक ओशाळले. तारखेआधी मारामारी म्हणजे आमच्याकडे फार वाईट दिसतं. विल्बर रक्त थुंकून माझ्या दिशेने बघत म्हणाला, ठीक आहे, पंचवीसला बघतो. पर्सी माझ्या मागे उभा होता, तोही म्हणाला, पंचवीसला. आब्दोन मास्तर म्हणाले, पंचवीसला. तोरिबिआबाई रिकामं भगुणं हलवत म्हणाल्या, बरं तर, पंचवीसला.

नेमकी हीच शांतता मी पकडली. अनुभवी माणसाला क्षण ओळखता येतो. माइक घेतला, कपावरचं कापड काढलं आणि जाहीर केलं, वर्षाचा सर्वोत्कृष्ट युवक, नेमेसिओ ताइपे. मग माइक ठेवला, खाली उतरलो, पुन्हा वर चढलो आणि कप स्वीकारला.

सभागृह स्तब्ध झालं. बँडही थांबला. असा भारावलेला जमाव मी आयुष्यात बघितला नाही. मग एकेक जण उठून निघून गेला, पाय न वाजवता, मान खाली घालून.

नील्दा तिसऱ्या रांगेत उभी होती. ती पुढे यायला उठली होती बहुतेक, गर्दीत तशीच उभी राहिली. जाड कागदाचं प्रमाणपत्र मी तिच्या हातात दिलं. काही बोलली नाही. भारावली होती.

८ डिसेंबर

नील्दा अजून भारावलेली आहे. माझ्यापुढे ताट ठेवते आणि निघून जाते. एक शब्द नाही. बासिलिया बोलते, पण फक्त कोंबड्यांशी. आज मी ऐकत असताना तिने कोंबड्याला सांगितलं की तू स्वतःला फार समजतोस. कोंबडा माजलाय खरा.

लाल जॅकेट पुन्हा संदुकीत गेलं.

कप टेबलावर ठेवलाय. ताट ठेवायला जागा उरत नाही, मांडीवर घेऊन जेवतो.

१२ डिसेंबर

एक गोष्ट आजच लक्षात आली. पंचवीसला बघतो, असं चौघं म्हणाले आणि चौघंही माझ्याकडे बघून म्हणाले. विल्बर, पर्सी, आब्दोन मास्तर, तोरिबिआबाई. बायका फक्त बायकांचीच नावं पुकारतात, पण तोरिबिआबाई अपवाद करतील असं त्यांच्या हातांकडे बघून वाटतं. काल बाजारात त्यांनी एका फटक्यात बैलाचा पाय वेगळा केला आणि वर बघून मला हसून नमस्कार केला.

मी घाबरत नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

१५ डिसेंबर

संकल्प: तयारी. रोज पहाटे सराव. पंचवीसला सगळ्या गावाला दिसेल की शांततावादी माणूस दुबळा नसतो. विल्बरला उजवी, पर्सीला डावी, मास्तरांना नुसता धाक पुरेल.

सकाळी परसात सुकवलेल्या बटाट्यांच्या पोत्यावर पहिला ठोसा मारला. सुकवलेले बटाटे दगडाइतके घट्ट होतात हे लहानपणापासून माहीत आहे. तरी मारला. मनगट सुजलं.

सराव स्थगित.

१६ डिसेंबर

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, मुरगळलंय, दोन दिवसांत बरं होईल. मी विचारलं, प्लास्टर घालता येईल का. म्हणाली, गरज नाही. मी म्हटलं, मोठं प्लास्टर, खांद्यापर्यंत. तिने विचारलं, पंचवीस तारखेसाठी का. मी तिच्याशी वाद घातला नाही. सरकारी नोकरांचं आजकाल असंच आहे.

नाताळच्या देखाव्यातल्या मूर्ती दुरुस्त करायचं प्लास्टर घरात होतं. स्वतःच घातलं. बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत. गाईच्या शिंगासाठी थोडं कमी पडलं, यंदा गाय एकशिंगी. बासिलियाने ते बघितलं आणि बाहेर जाऊन कोंबड्याशी बराच वेळ बोलली.

१९ डिसेंबर

नवा प्लॅन. मंडळाच्या तातडीच्या कामासाठी चोवीसला कुस्कोला जायचं. बसवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, जागा आहे, पण अध्यक्ष, पंचवीसच्या तोंडावर ज्याच्याकडे कुणाचं काही निघतं त्याला मी गावाबाहेर नेत नाही. मागे एकाला नेलं, तर पुढच्या नाताळला माझंच नाव पुकारलं लोकांनी, दोन फासळ्या गेल्या. मी म्हटलं, माझ्याकडे कुणाचं काहीच निघत नाही. तो म्हणाला, मग जाता कशाला.

डोक्यात धोंडा घालावा असा माणूस. प्लास्टरचा हात उचललाही होता, पण फार जड आहे.

२२ डिसेंबर

गाव सजतंय. दोऱ्यांवर नाताळला घालायचे चार रंगांचे लोकरीचे मुखवटे वाळत घातलेत. बायका वायलियाची, म्हणजे लढतीच्या दिवसाची, गाणी म्हणत मक्याची दारू, चिचा, गाळतायत. ज्याला त्याला पंचवीसचे वेध. विल्बर नाकावर पट्टी लावून दोरीच्या उड्या मारत होता. मला बघून थांबला, म्हणाला, हात कसा आहे. मी म्हटलं, वाईट आहे रे. तो म्हणाला, जपा.

या 'जपा'चा अर्थ काय, यावर दिवसभर विचार केला. ही धमकीच आहे.

नील्दा ताट ठेवून गेली. मी म्हटलं, मीठ कमी आहे. तिने मीठ आणून ठेवलं आणि गेली. पूर्वी म्हणायची, पप्पा, तुम्हाला तर समुद्रच हवा ताटात.

२५ डिसेंबर, दुपार, चौकात, डाव्या हाताने लिहितोय

सकाळपासून पहिल्या रांगेत उभा आहे. प्लास्टर सगळ्यांना दिसेल असं पुढे धरलंय. भाषण तयार आहे: मी आलो असतो, पण.

विल्बरने पर्सीचं नाव पुकारलं. मिठी मारली आणि सुरू झाले. पर्सीची भुवई फाटली, विल्बरचं नाक, त्याबद्दल काय लिहायचं. ताय्ता सेवेरोंनी चाबूक मारून वेगळं केलं. पुन्हा मिठी. आता दोघं एकाच वाडग्यातून चिचा पितायत. विल्बरने संगमरवरी तळ घरून आणलाय, दोघं मिळून ट्रॉफी चिकटवणार म्हणे.

आब्दोन मास्तरांनी खुर्ची मारणाऱ्याचं नाव पुकारलं. वयाच्या मानाने मास्तरांची लाथ बरी आहे. तोरिबिआबाईंना विल्बरच्या काकूने पुकारलं, सुपाबद्दल. दोघी इतक्या जोरात भिडल्या की धुळीत कोण कुठली ते कळेना. बाहेर आल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात दुसरीची वेणी होती आणि दोघी खदखदून हसत होत्या.

प्रत्येक वेळी नाव पुकारताना मी प्लास्टर आणखी थोडं वर धरतो. प्रत्येक वेळी दुसऱ्याचं नाव.

२५ डिसेंबर, जरा वेळाने

अजून नाही.

पर्सी रक्ताळलेल्या चेहऱ्याने जवळून गेला. मी प्लास्टर पुढे केलं. तो म्हणाला, अध्यक्ष, जरा सरका, मागच्यांना दिसत नाही.

सगळ्या चौकात धडक्या शर्टाचा मी एकटा आहे. बाकी सगळे फाटके, सुजलेले, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसलेत. मला एकाने प्यायला दिलं, अगदी अदबीने, पाहुण्याला देतात तसं. मला फार वाईट वाटलं. का वाटलं कळत नाही. कुणी मारलं नाही म्हणून वाईट वाटणं हे काही शिकलेल्या माणसाचं लक्षण नाही.

२६ डिसेंबर

उजव्या हाताने लिहितोय. प्लास्टर नाही.

काल शेवटी ताय्ता सेवेरोंनी विचारलं, अजून कुणाचं काही आहे का. सगळे पिण्यात दंग होते. ते चाबूक गुंडाळायला लागले. मला काय झालं माहीत नाही. मी प्लास्टरचा हात बाजूच्या खांबावर आपटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फुटलं. रिंगणात गेलो आणि ओरडलो, विल्बर.

विल्बर उठला, पण नियम मोडून जागेवरच राहिला. म्हणाला, नको अध्यक्ष, माझा तुमच्यावर राग नाही. मी म्हटलं, मी तुला ट्रॉफीबद्दल फसवलं. तो म्हणाला, ते तर सगळ्यांना माहीतच होतं. मग मी पर्सीला पुकारलं. पर्सीने चिचा पीत हात हलवला. तुमच्यावर काय रागवायचं, म्हणाला, तुमच्याकडून आम्ही काही धरूनच चालत नाही. मास्तरांकडे बघितलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. कीव करतात तेव्हा माणसं अशीच वळवतात.

एवढं मला मेंढ्याच्या धडकेनेही लागलं नव्हतं.

परत फिरणार, तेवढ्यात मागून कुणीतरी पुकारलं: नेमेसिओ ताइपे. आवाज बाईचा. वाटलं तोरिबिआबाई. भीती वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. वळलो तर नील्दा. लाल जॅकेट घातलेलं. बाजूला बासिलिया तिच्या मुठीवर पट्टी गुंडाळत होती, घट्ट, दातांनी गाठ मारून.

ताय्ता सेवेरो म्हणाले, बाप-लेकीची लढत मी आजवर लावली नाही, लावणार नाही. नील्दा म्हणाली, ताय्ता, हे वर्षाचे सर्वोत्कृष्ट युवक आहेत, कपावर कोरलंय. मी त्याच मंडळाची सचिव आहे. घरचं भांडण घरी बघू, हे मंडळाचं आहे. चौक इतका हसला की कुत्री भुंकायला लागली. म्हातारा हसला नाही. त्याने थोडा विचार केला आणि चाबूक मारून गोल मोकळा केला.

आधी मिठी, नियमाप्रमाणे. समारंभानंतर ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती. जॅकेटला संदुकीतल्या कापराचा वास येत होता. मी हात उचलणार नव्हतो. उचलायला वेळही मिळाला नाही. पहिला ठोसा पोटात बसला आणि मी वाकलो, दुसरा जबड्यावर. तिसरा बहुतेक त्या अडलेल्या बाईला पाठीवर आणणाऱ्या हाताचा होता, कारण त्यानंतर मला आभाळ दिसलं. तोंडात गरम रक्त आणि काहीतरी कडक. ते थुंकलं.

ताय्ता सेवेरोंनी चाबूक मध्ये धरला. नील्दा गुडघ्यावर बसली, मला उठवून मिठीत घेतलं. ती रडत होती आणि माझं रक्त बासिलियाच्या भरतकामावर सांडत होतं. म्हणाली, तोंड उघडा पप्पा, बघू, कुठला गेला.

बोलली.

पुढचा दात गेला. विल्बर, पर्सी आणि मास्तर रांगत सगळा चौक शोधत होते. तोरिबिआबाईंना सापडला. मग मला त्यांच्यात बसवलं. चिचा दात नसलेल्या फटीतून सांडत होती. पर्सीने माझ्या पाठीत इतकी जोरात थाप मारली की मी पुन्हा पडलो. शर्टाची एक बाही कुठेतरी गेली.

आज सकाळी कपावरचं नाव खरवडायला बसलो. जात नाही. खोल कोरायला मीच सांगितलं होतं. नील्दा म्हणाली, राहू द्या, कोंबड्यांना पाणी ठेवायला होईल. आता परसात आहे. कोंबडा काठावर चढून बसतो.

दुपारी मंडळाची बैठक बोलावली. सगळे पट्ट्या बांधून, लंगडत आले. ठराव मांडला: वयाची अट पुन्हा एकोणतीस. म्हणजे अध्यक्षांनी आजपासून जावं. दात नसल्यामुळे नीट उच्चार होईना, दोनदा वाचावं लागलं. सगळ्यांना माहीत व्हावं म्हणून सांगितलं की हा निर्णय मी पूर्वीच घेतला होता. कुणी वाद घातला नाही.

मग विचारलं, अनुमोदन कोण देणार. नील्दाने हात वर केला, उजवा. बोटं सुजली होती, त्यावर बासिलियाने बांधलेली पट्टी तशीच होती.